दुपारी दोनच्या आत पोहोचा

हा अंक हातात पडेल तेव्हा कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर वर्षातला सगळ्यात जोराचा पाऊस चालू असेल. दिवाळीच्या सुट्टीला जोडून तिकीट काढणाऱ्या मराठी कुटुंबाला ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. माहितीपत्रकात निळं आकाश असतं, रिकामी वाळू असते आणि फांदीला लटकलेला हसरा स्लॉथ असतो. त्या आकाशाखाली सकाळी अकरा-बारापर्यंतच फिरायचं आणि नंतर व्हरांड्यात बसून पाऊस बघायचा, हे त्यात छापलेलं नसतं.

‘आपल्या अक्षांशांच्या आसपासचे देश’ हा यंदाचा विषय संपादकांनी दिला आणि वर बजावलं, ‘वाचक खरोखर जाऊ शकेल असं लिहा.’ कोस्टा रिकाची राजधानी सान होसे आणि आपलं कोची जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. अलीकडे मराठी माणसं तिथे वाढत्या संख्येनं दिसतात, त्यातली बरीचशी अमेरिकेत राहणारी. ह्यूस्टन किंवा मायामीहून तीन-चार तासांचं विमान, त्यामुळे थँक्सगिव्हिंगची किंवा नाताळची सुट्टी तिथे काढायची पद्धत पडत चालली आहे. मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आईवडीलही सोबत असतात. माझ्या डोळ्यांपुढे वाचक म्हणून ही तीन पिढ्यांची मंडळी आहेत: एकाला झिपलाइन हवी, एकीला पक्षी हवेत, आणि आजोबांना सकाळी नऊच्या आत चहा.

दोन किनारे, दोन पंचांगं

देशाच्या मधून डोंगरांचा कणा गेला आहे. पूर्वेला कॅरिबियन समुद्र, पश्चिमेला पॅसिफिक. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे कॅरिबियन बाजूला बाराही महिने थोडाफार पाऊस टाकतात, आणि डोंगर ओलांडेपर्यंत कोरडे होतात. त्यामुळे डिसेंबर ते एप्रिल पॅसिफिक बाजू रखरखीत असते. मेपासून वारे मंदावतात, पॅसिफिकवरून दमट हवा आत येते आणि रोज दुपारी आभाळ फुटतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्याचा कळस. नेमक्या याच दोन महिन्यांत कॅरिबियन किनारा मात्र त्यातल्या त्यात कोरडा आणि समुद्र शांत असतो.

म्हणजे दिवाळीत जायचंच असेल तर नकाशाच्या उजव्या बाजूला जा. काहुइता आणि पुएर्तो व्हिएहो ही लिमोन प्रांतातली गावं. एकोणिसाव्या शतकात इथली रेल्वे बांधायला जमैकाहून मजूर आणले होते, त्यांचे वंशज आजही इथे राहतात. घरात इंग्रजीची कॅरिबियन बोली, ताटात नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात. कोकणातून आलेल्या माणसाला देशात सगळ्यात लवकर रुचतं ते हेच जेवण. काहुइताचं राष्ट्रीय उद्यान गावकरी आणि सरकार मिळून सांभाळतात. गावाकडच्या दरवाजातून शिरलात तर ठरलेलं तिकीट नसतं, देणगी द्यायची. बाकीच्या मोठ्या उद्यानांचे दर पाहिल्यावर या दरवाजाचं महत्त्व कळतं.

दिवाळीत पॅसिफिककडे जाण्याचं एक सबळ कारण मात्र आहे, आणि ते आपल्या पंचांगाशी चांगलंच जुळतं. उत्तरेकडे ओस्तिओनाल नावाचा काळ्या वाळूचा किनारा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला थंडीत अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले कासव, तेच इथेही येतं. वेळासला माद्या एकेकट्या येतात. ओस्तिओनालला त्या काही रात्रींत हजारोंनी एकदम चढून येतात आणि एकमेकींच्या पाठीवरून चालतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हे लोंढे मोठे असतात आणि बहुधा वद्य पक्षाच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात. इकडे वसुबारस ते लक्ष्मीपूजन, तिकडे कासवांची झुंबड. अर्थात तारखेची हमी कुणी देत नाही. कासवं आली की गावातले वाटाडे व्हॉट्सॲपवर कळवतात आणि तुमच्याकडे दोन रात्री राखीव असाव्या लागतात. इथल्या गावकऱ्यांना लोंढ्याच्या सुरुवातीच्या काळात अंडी गोळा करून विकायची कायदेशीर मुभा आहे. नंतर येणाऱ्या माद्या तीच घरटी उकरून टाकतात, त्यामुळे पहिली अंडी नाहीतरी वाया जातात, हा त्यामागचा हिशोब. बदल्यात गावानं किनारा साफ ठेवायचा आणि राखण करायची. आपल्याकडच्या कासवमित्रांना हे पचायला जड जाईल. मलाही सुरुवातीला गेलं. राखणदारी करणाऱ्या गावाचं पोट त्या किनाऱ्यावर चाललं पाहिजे, हा मुद्दा मात्र मला पटतो.

मे महिन्याची सुट्टी असेल तर चिंता कमी. पाऊस नुकताच लागलेला असतो, सकाळ स्वच्छ असते, हॉटेलांचे दर उतरलेले असतात. वायव्येकडच्या ग्वानाकास्ते प्रांतात रस्त्याच्या कडेला गुलमोहर पेटलेला असतो, आणि त्यामागे सागाची आणि शिवणीची लागवड सरळ रांगांत दिसते. ही दोन्ही झाडं लाकडासाठी आशियातून तिथे गेलेली. नाताळात हवा उत्तम आणि दर चढे. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा मात्र टाळा. बँका, कचेऱ्या आणि निम्मी दुकानं बंद असतात आणि सगळा देश समुद्रावर असतो.

पंचवीस किलोमीटरला साडेतीन तास

देशाचं क्षेत्रफळ ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास. हे आकडे बघून माणूस आठ दिवसांत सात ठिकाणं बसवतो, आणि तिथेच सहल बिघडते.

ला फोर्तुना आणि मोंतेव्हेर्दे ही पर्यटकांची दोन लाडकी गावं घ्या. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर पंचवीसएक किलोमीटर भरतं. मधे आरेनालचं धरण आणि पर्वतरांग आहे. रस्त्यानं सगळ्या तलावाला वळसा घालून जावं लागतं आणि तीन ते साडेतीन तास लागतात. म्हणून तिथे एक जोडप्रवास चालतो: व्हॅननं तलावाच्या काठी, बोटीनं पलीकडे, पुन्हा व्हॅन. वेळ फारसा वाचत नाही, पण प्रवासाचा काही भाग पाण्यावरून होतो आणि गाडी लागणाऱ्यांचे हाल कमी होतात. सामान बोटीत ताडपत्रीखाली असतं, तरी कॅमेऱ्याची पिशवी आपल्या मांडीवर ठेवा.

सान होसेहून कॅरिबियनकडे जाणारा बत्तीस क्रमांकाचा रस्ता घनदाट जंगलातून उतरतो आणि जोराच्या पावसात दरड कोसळून बंद होतो. दक्षिणेकडचा पॅन अमेरिकन महामार्ग ३,३०० मीटरच्या वर चढतो. विषुववृत्ताजवळ आहोत म्हणून सगळे स्वेटर सुटकेसच्या तळाशी घातलेल्या मंडळींना तिथल्या टपरीवर कुडकुडताना मी पाहिलं आहे. गावाकडच्या रस्त्यांवर एकाच गाडीपुरते पूल असतात. पुलाच्या तोंडाशी ‘सेदा एल पासो’ अशी पाटी ज्याच्या बाजूला असेल त्यानं थांबायचं आणि समोरच्याला जाऊ द्यायचं.

आणि अंधार. वर्षभर सूर्य सव्वापाच ते सहाच्या दरम्यान उगवतो आणि संध्याकाळी तितक्याच सुमारास, साडेपाच-सहाला मावळतो. उन्हाळ्यातली लांबलचक संध्याकाळ तिथे नाहीच. साडेसहाला काळोख, रस्त्याला पट्टे नाहीत, कडेला गटार, वळणावर धुकं. तिथे गाडी चालवणाऱ्या एकानं मला जो नियम सांगितला तो मी शीर्षकात घातला आहे: पुढच्या मुक्कामी दुपारी दोनच्या आत पोहोचायचं. दोननंतर पाऊस, पाचनंतर अंधार, आणि दोन्ही एकदम आले तर चालकाचं कौशल्य कामाला येत नाही. म्हणजे सकाळी सहाला नाश्ता, सातला निघायचं. आठ दिवसांत दोन ठिकाणं, फार तर तीन. मुक्कामी लवकर पोहोचल्यावर करायचं काय, असं विचारणाऱ्यांना उत्तर असं की बरेचसे पक्षी हॉटेलच्या बागेतच दिसतात.

भाड्याची गाडी घ्यायची का? चौघे असाल आणि उजव्या बाजूनं चालवायची सवय असेल तर जरूर. संगणकावर दिवसाला दहा-पंधरा डॉलर असा दर दिसला तर हुरळू नका. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा देशाच्या कायद्यानं सक्तीचा आहे, तो त्या दरात बहुतेकदा धरलेला नसतो आणि काउंटरवर बिल दुपटीच्या वर जातं. आधीच ईमेल करून सगळा धरून आकडा लेखी मागवा. पावसाळ्यात उंच, फोर-व्हील गाडी घ्या. नदीच्या पात्रातून गाडी घालून ती बंद पडली तर विमा मिळत नाही, मग पुढची गाडी कितीही सहज पार झालेली दिसो. गाडी नको असेल तर शहरांदरम्यान धावणाऱ्या सामायिक व्हॅन सोयीच्या आहेत. त्या हॉटेलच्या दारातून उचलतात. सरकारमान्य खासगी बस फार स्वस्त आणि वक्तशीर, पण सान होसेत प्रत्येक मार्गाचा थांबा वेगळ्या मोहल्ल्यात.

नसलेल्या झाडापासून पन्नास मीटर

त्या थांब्यांपैकी एकाचं नाव कोका-कोला. तिथे पूर्वी त्या पेयाचा बाटल्या भरायचा कारखाना होता. कारखाना केव्हाच गेला, नाव राहिलं. सान होसेच्या सान पेद्रो उपनगरात ‘जुना अंजीर’ ही खूण आहे. झाड कधीच पडलं, तरी लोक आजही पत्ता सांगतात: जुन्या अंजिरापासून २०० मीटर दक्षिणेला, ५० मीटर पश्चिमेला, हिरवं फाटक. रस्त्यांना नावांच्या पाट्या राजधानीत लागल्या आहेत, पण पत्ता सांगताना त्या कुणी वाचत नाही. १०० मीटर म्हणजे एक चौक ते दुसरा चौक. प्रत्यक्षात तो ऐंशी असो की एकशेवीस.

परक्या माणसानं यातून वाट काढायची तर दोन गोष्टी पुरतात. हॉटेलकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवायचं आणि नेटवर्क जाण्याआधी नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवायचा. तिथले चालक वेझ हे ॲप वापरतात कारण दरड आणि वाहतूक त्यावर लगेच दिसते. टॅक्सी लाल रंगाची, दारावर पिवळा त्रिकोण असलेली घ्या. मीटर टाकायला सांगा. त्याला तिथे ‘मारिया’ म्हणतात, तेवढा एक शब्द उच्चारला की काम होतं.

सोडामधलं ताट

तिथे ‘सोडा’ म्हणजे घरच्या माणसांनी चालवलेली छोटी खानावळ. पाच-सहा टेबलं, फळ्यावर खडूनं लिहिलेले पदार्थ. महागड्या पर्यटनगावातही एखादी सोडा मागच्या गल्लीत असतेच, आणि दर निम्म्यानं कमी. सकाळी गायो पिंतो मिळतो. आदल्या दिवशीचा भात आणि काळा घेवडा कांदा-मिरचीवर परतून केलेला तो आपल्या फोडणीच्या भाताचाच भाऊ. त्यावर लिझानो नावाचं तपकिरी, आंबटगोड सॉस घालतात. त्याला जिऱ्याचा वास येतो आणि पहिल्या दिवशीच ओळख पटते. दुपारी कासादो: भात, घेवडा, कोबीची कोशिंबीर, तळलेली पिकली राजेळीसारखी केळी आणि एक मांसाचा तुकडा.

शाकाहारी माणसानं ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही. ‘कार्ने’ म्हटलं की बऱ्याच लोकांच्या डोळ्यांसमोर गोमांस येतं, मग ताटात कोंबडी येते आणि वाढणाऱ्या बाईंना खरोखरच आपण ऐकलं असं वाटत असतं. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ हे तिन्ही म्हणा. घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो, तेही विचारा. एका सोडाच्या मालकिणीनं माझा प्रश्न ऐकून सरळ स्वयंपाकघरातला तेलाचा डबाच आणून टेबलावर ठेवला. अंडं चालत असेल तर उपाशी राहायची वेळ येत नाही. लसूण-कांदा न खाणाऱ्यांनी मात्र स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. त्यातही एक खोच आहे. तिथे वीज १२० व्होल्टची आहे. फोनचे चार्जर चालतात, पण घरून नेलेली किटली किंवा राइस कुकर तासभर नुसता कोमट होत बसतो. प्लग अमेरिकेसारखा चपट्या पट्ट्यांचा.

फळांच्या बाजारात जरा वेळ काढा. पेरू, सीताफळ, चिकू, काजू, पपई ही आपल्या अंगणातली मंडळी अमेरिका खंडातूनच इकडे आली, तिथे ती माहेरी भेटतात. पेहिबाये नावाचं नारिंगी, पिठूळ फळ उकडून मेयोनेज लावून खातात. मला ते आवडलं नाही, सोबतच्यांनी दोनदा मागितलं. डोंगराळ भागात संध्याकाळी ‘आग्वा दुल्से’ मागा. गुळाची ढेप गरम पाण्यात विरघळवून केलेलं पेय, हवं तर दूध घालून. तिथेही उसाची गुऱ्हाळं आहेत आणि ढेप शंकूच्या आकाराची असते. आजोबांच्या चहाचा प्रश्न त्यावर निदान दोन दिवस पुढे ढकलता येतो.

नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी पिण्यायोग्य आहे, त्यामुळे बाटल्या विकत घेत बसू नका. स्वच्छतागृहात कागद भांड्यात टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा. स्नानघरात बऱ्याचदा शॉवरच्या तोटीलाच विजेचा हीटर बसवलेला असतो. पाणी गरम हवं असेल तर नळ कमी सोडायचा, आणि तोटीला हात लावायचा नाही.

वाटाड्याची दुर्बीण

स्लॉथ दिसतो कुठे, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर: तुमच्या डोक्यावर, आणि तरीही तुम्हाला दिसत नाही. पानांच्या गर्दीत करड्या केसांचा तो गोळा वाळवीच्या वारुळासारखा दिसतो. केसांत शेवाळ वाढलेलं, त्यामुळे रंगही झाडाचाच. आठवड्यातून साधारण एकदा तो विधीसाठी खाली उतरतो, एरवी वरच. परवानाधारक वाटाडे तिकाटण्यावर बसवलेली दुर्बीण घेऊन फिरतात. ते थांबतात, दुर्बीण वळवतात, तुमचा फोन तिला लावून फोटोही काढून देतात. मान्वेल आंतोनियोच्या उद्यानात वाटाड्याशिवाय फिरलेली कुटुंबं माकडं आणि वाळू बघून परततात. वाटाडा घेतलेल्यांना त्याच पायवाटेवर स्लॉथ, वटवाघळं, पानाखाली झोपलेला लाल डोळ्यांचा बेडूक असं सगळं भेटतं. पैसे कुठे वाचवायचे हे ठरवताना हा खर्च सगळ्यात शेवटी कापा.

या उद्यानाबद्दल आणखी. ते मंगळवारी बंद असतं. तिकिटं दारावर मिळत नाहीत, सरकारी संकेतस्थळावर तारीख आणि वेळेसह आधी काढावी लागतात. परदेशी माणसाला साधारण अठरा डॉलर. दाराच्या बरंच अलीकडे गणवेशासारखे कपडे घातलेली माणसं हात दाखवून गाडी थांबवतात आणि ‘पार्किंग इथेच’ म्हणतात. ती उद्यानाची माणसं नसतात. आत खाण्याच्या वस्तू नेता येत नाहीत, पिशव्या तपासतात. चकलीचा डबा हॉटेलात ठेवा. या नियमाला पांढऱ्या तोंडाची कपुचिन माकडं कारणीभूत आहेत. ती झिप उघडतात.

तुमच्या हातात स्लॉथ किंवा माकड देऊन फोटो काढू देणारं ठिकाण कुणी सुचवलं तर तिथे जाऊ नका. वन्यप्राण्यांना हाताळून सेल्फी काढण्याविरुद्ध २०१९ मध्ये सरकारनंच मोहीम उघडली, आणि देशातल्या दोन सरकारी प्राणिसंग्रहालयांचे दरवाजे २०२४ मध्ये बंद झाले. चांगली बचाव केंद्रं लांबूनच दाखवतात.

कॅरिबियन बाजूचं तोर्तुगेरो हे गाव रस्त्यानं जोडलेलंच नाही. ला पाव्होनाच्या धक्क्यापर्यंत बस, तिथून नदी आणि कालव्यांतून बोट. जुलै ते ऑक्टोबर इथे हिरवी समुद्री कासवं अंडी घालतात. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांनी १९५०च्या दशकात इथे अभ्यास सुरू केला, आणि जगातल्या सर्वांत दीर्घ काळ चाललेल्या कासव-संशोधनांपैकी एक इथे उभं राहिलं. रात्री वाटाड्यासोबतच किनाऱ्यावर जाता येतं. कपडे गडद रंगाचे, विजेरी नाही, कॅमेरा आणि फोन खोलीवर. फोटोशिवाय परत आलेली माणसं दुसऱ्या दिवशी नाश्त्याला जरा जास्त बोलतात, असं माझं निरीक्षण आहे.

दक्षिणेकडचं कोर्कोव्हादो उद्यान सगळ्यात रानटी. २०१४ पासून तिथे वाटाडा सक्तीचा आहे. सान होसेहून छोट्या विमानानं, पुढे बोटीनं, गुडघाभर पाण्यात उतरून जायचं. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी हा बेत सोडून द्यावा. पोपटांसाठी इतकं लांब जायची गरजही नाही. मध्य पॅसिफिक किनाऱ्यावर तारकोलेसच्या आसपास लाल मकाव जोडीनं उडतात आणि समुद्रकाठच्या देशी बदामावर उतरून हिरवी फळं फोडत बसतात. मुंबईच्या सोसायट्यांच्या आवारात असतो तोच हा बदाम, तिकडे आशियातून गेलेला. झाडाखाली टरफलांचा सडा दिसला की मान वर करा.

युद्ध नाकारणाऱ्यांचं गाव

मोंतेव्हेर्दे हे गाव कसं वसलं हे माहीत असेल तर तिथला रस्ता, चीज आणि जंगल तिन्हींचा उलगडा होतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या फेअरहोप इथले काही क्वेकर तरुण सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिल्याबद्दल तुरुंगात गेले. क्वेकर पंथ युद्धाला पाप मानतो. सुटल्यावर त्यांनी लष्कर नसलेला देश शोधला. कोस्टा रिकानं तेव्हा नुकतंच, १ डिसेंबर १९४८ रोजी, होसे फिगेरेस यांच्या नेतृत्वाखाली लष्कर बरखास्त केलं होतं. १९५१ मध्ये डझनभर कुटुंबांनी इथल्या डोंगरावर जमीन घेतली, गाई पाळल्या आणि दूध खाली नेईपर्यंत नासतं म्हणून चीजचा कारखाना काढला. पाण्याचे उगम टिकावेत म्हणून माथ्यावरचं जंगल त्यांनी तोडलं नाही. पुढे १९७२ मध्ये त्या भागात मेघवनाचं अभयारण्य झालं. शेजारचं ‘मुलांचं चिरंतन जंगल’ स्वीडनमधल्या शाळकरी मुलांनी १९८७ पासून जमवलेल्या पैशातून सुरू झालं आणि आज ते देशातलं सगळ्यात मोठं खासगी अभयारण्य आहे.

मेघवनात वरून पाऊस पडलाच पाहिजे असं नाही. ढग जमिनीलगत सरकतात आणि पानांवर पाणी होऊन ठिबकतात. छत्री निरुपयोगी, रेनकोट हवा, चष्म्याला पुसायला सुती रुमाल हवा. पहाटेच्या फेरीत नशीब असेल तर केत्झाल पक्षी दिसतो. फेब्रुवारी ते एप्रिल त्याच्या विणीचा काळ, तेव्हा शक्यता जास्त. इथे एकेकाळी चकचकीत नारिंगी रंगाचा सोनेरी भेक होता. या डोंगराशिवाय जगात कुठेच नव्हता. १९८९ नंतर तो कुणाला दिसलेला नाही.

झिपलाइन इथे जागोजागी आहेत. एकदा करा. ज्या मुलांनी जंगल फक्त ताशी साठ किलोमीटरनं पाहिलं त्यांना ते आठवत नाही.

ला फोर्तुनाकडे आरेनाल ज्वालामुखी आहे. १९६८ मध्ये तो फुटला आणि पुढे चाळीसेक वर्षं रात्री लाव्हा दिसायचा. २०१० पासून तो निवांत आहे. जुने फोटो पाहून लाव्हाच्या आशेनं जाऊ नका. सुळका सकाळी सात-आठपर्यंत ढगाबाहेर असतो, गरम पाण्याचे झरे मात्र चोवीस तास. रिसॉर्टच्या कुंडांचं तिकीट खिशाला जड वाटलं तर रस्त्याच्या कडेला तीच गरम नदी फुकट वाहते. तिथे गाडीत काही ठेवू नका.

ज्याला भ्यावं आणि ज्याला भिऊ नये

घरून निघताना लोक सापांना भितात. टेर्सिओपेलो हा विषारी साप तिथे आहे खरा. रात्री विजेरी आणि बंद बूट, झाडाच्या बुंध्याला न बघता हात लावायचा नाही, एवढं पुरतं. विषावरची लस सान होसेजवळच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेत १९७० पासून तयार होते आणि सरकारी रुग्णालयांत मिळते. डासांची काळजी त्याहून जास्त घ्या, डेंगी आहे.

खरी भीती समुद्राची. किनारे सुंदर, लाटा जोराच्या, जीवरक्षक मोजक्याच ठिकाणी. किनाऱ्यावरून आत ओढणारा प्रवाह कमरेभर पाण्यातल्या माणसालाही नेतो. अडकलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर या. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या पुढे जाऊ नका. नदी समुद्राला मिळते तिथे मगरी असतात. तारकोलेसच्या पुलावरून त्या डझनांनी दिसतात, आणि त्या पुलाखालीच राहतात असा काही करार नाही. धबधब्याच्या डोहात उतरला असाल आणि पाणी एकदम गढूळ झालं तर सामान सोडून वर या. डोंगरात वर कुठेतरी पाऊस झाला की पाण्याची भिंतच खाली येते. समुद्रकाठी मान्सानियो नावाचं विषारी झाडही असतं. हिरवं, छोट्या सफरचंदासारखं फळ, चीक त्वचा भाजणारा. पावसात त्याच्या आडोशालाही उभं राहायचं नाही. देशी बदामाची पानं मोठी आणि रुंद, याची लहान आणि चकचकीत, हा फरक मुलांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.

चोऱ्या बहुतेक गाडीतून होतात. समुद्रावर गाडी लावून पारपत्रासह पोहायला जाणं हा ठरलेला प्रकार. सान होसेच्या मध्यवस्तीत अंधार पडल्यावर पायी फिरू नका. आणीबाणीचा क्रमांक ९११.

कागद आणि नोटा

भारतीय पारपत्रावर व्हिसा लागतो. दूतावास नवी दिल्लीत आहे. अमेरिकेचा वैध मल्टिपल एंट्री व्हिसा किंवा तिथलं ग्रीन कार्ड असेल तर सहसा वेगळा व्हिसा लागत नाही, पण मुदतीच्या अटी बदलतात, म्हणून तिकिटाआधी दूतावासाकडून खात्री करा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच. तो नसेल तर माद्रिदहून थेट विमान आहे, मात्र युरोपातल्या विमानतळांच्या ट्रान्झिटचे नियम देशागणिक वेगळे. परतीचं तिकीट छापून जवळ ठेवा, विमानात बसतानाच विचारतात.

चलन कोलोन. पाचशेच्या आसपास कोलोनला एक डॉलर असा ढोबळ हिशोब धरा. डॉलर सगळीकडे घेतात, पण सुटे कोलोनमध्ये परत देतात आणि दर दुकानदाराचा. कार्ड वापरा, खेड्यांसाठी थोडे कोलोन ठेवा. दहा हजारांच्या नोटेवर स्लॉथ आहे. ज्यांना जंगलात दिसला नाही त्यांची तेवढी सोय. रेस्टॉरंटच्या बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं, वर बक्षिसी देणं ऐच्छिक.

देश स्वस्त नाही. शेजारच्या निकाराग्वापेक्षा खर्च कितीतरी जास्त येतो. काही भाग पर्यटकांच्या भारामुळे, काही भाग धोरणामुळे. १९९६च्या वनकायद्यानुसार जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना सरकार मोबदला देतं, आणि त्याचा मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो. पंपावर जो दर खटकतो त्यातला काही अंश त्या झाडांकडे जातो. एकेकाळी बेसुमार तोडलेलं जंगल आता पुन्हा देशाच्या निम्म्याहून जास्त जमिनीवर आहे.

परतीच्या दिवशी कॉफी विमानतळावर घेऊ नका, गावातल्या सुपरमार्केटमध्ये घ्या, किंमत बरीच कमी पडते. पाकिटावर ‘पुरो’ लिहिलं आहे ना ते बघा. स्वस्त प्रकारांत साखर मिसळून भाजलेली पूड असते. लिझानोची बाटली प्लॅस्टिकची घ्या, दोन पिशव्यांत गुंडाळा आणि मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत ठेवलेल्या बाटल्यांचा ढीग सुरक्षा तपासणीच्या टेबलाखाली रोज साचत असतो.